पोरांची छोटी एटीव्ही घरच्या घरी कशी सांभाळायची: आधी थांबली पाहिजे, मग पळाली पाहिजे

दोन वर्षं झाली, आमच्या घरी ११० सीसीची एक जुनी एटीव्ही आहे, म्हणजे ती चार जाड्या टायरांची लहान पोरांची बाइक, गावातले पोट्टे तिले 'छोटा ट्रॅक्टर' म्हणतात. पोरीसाठी घेतली, ती तेव्हा अकराची होती. विकणाऱ्याने सांगितलं की फक्त बॅटरी डाऊन आहे, बाकी कंडिशन एक नंबर, आणि घरी आणून मागचा ब्रेक पूर्ण दाबून पाहिला तर चाक आरामात फिरत होतं. त्या दिवसापासून मीच ती खोलायला लागलो. आर्वीपासून वर्ध्यापर्यंत विचारलं, एटीव्ही म्हटलं की बहुतेक जण हात वर करतात.

आता आसपासच्या चार-पाच जणांच्या गाड्या पण माझ्याकडे येतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, 'भाऊ, चालू काऊन नाही होत?' माझा पहिला प्रश्न दुसरा असतो, थांबते का? चालवणारं लेकरू आहे. ब्रेक दाबला की गाडी थांबली पाहिजे, अंगठा सोडला की रेस खाली आली पाहिजे, हँडल जिकडे वळवलं तिकडेच चाक गेलं पाहिजे, आणि हे सगळं नीट झाल्यावर मग इंजिनला हात लावायचा. खाली सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे, तुम्ही पण त्याच क्रमाने करा.

गाडी कोणती आहे ते आधी ओळखा

दोरी ओढून चालू होणारी ४९ सीसीची टू स्ट्रोक असेल तर तिच्या पेट्रोलमध्ये टूटी ऑइल (टू स्ट्रोक इंजिनचं ऑइल) मिसळावंच लागतं. २५ ला १ असं लिहिलेलं असेल तर एक लिटर पेट्रोलला ४० मिली. नुसतं पेट्रोल टाकून चालवली की पिस्टन जाम. बॅटरीवर चालणारी असेल तर खालचं इंजिनचं सोडून द्या, ब्रेक, हँडल आणि टायरचं मात्र सगळं तिलाही लागू आहे.

सगळ्यात जास्त दिसते ती ११० किंवा १२५ सीसीची फोर स्ट्रोक. आडवं सिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन, सेल्फ स्टार्ट, पुढे-न्यूट्रल-मागे एवढेच गिअर आणि क्लच आपोआप लागणारा. या इंजिनला घाबरू नका. होंडाने १९५८ साली सुपर कब नावाची छोटी मोटारसायकल काढली होती, तिच्या आडव्या इंजिनवरून ही बहुतेक इंजिनं बनलेली आहेत, आणि आपल्या स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं इंजिन पण त्याच खानदानातलं आहे. मी पहिल्यांदा हेड कव्हर खोलून आमच्या गावच्या मिस्त्रीला दाखवलं, तर तो बसून पाच मिनिटं पाहत राहिला आणि म्हणाला, "भाऊ, भेऊ नका, हे तं आपल्या स्प्लेंडरचंच भावंड हाय." तेव्हापासून अवघड काम असलं की 'एटीव्ही आहे' असं सांगतच नाही, 'स्प्लेंडरसारखं इंजिन आहे' असं सांगतो आणि माणूस लगेच पाना हातात घेतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ही गाडी आरटीओत पास होत नाही, नंबर मिळत नाही, म्हणून रस्त्यावर न्यायची नाही, शेजारच्या वावरात जायचं असेल तरी डांबरीवरून नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९९अ आलं आहे, अल्पवयीन पोराने रस्त्यावर गुन्हा केला तर पालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, या गाडीचा मागचा एक्सल सलग असतो, मधात डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या स्पीडने फिरू देणारा भाग) नसतं, दोन्ही चाकं एकाच स्पीडने फिरतात. मातीत वळताना एक चाक थोडं घसरतं म्हणून चालून जातं, डांबरीवर टायर घट्ट पकडतो आणि मग गाडी एकतर सरळच जाते नाहीतर पलटी होते. मागे दुसरं पोरगं बसवायचं नाही, सीट लांब दिसली तरी नाही.

हत्यारं

फार लागत नाही. ८, १०, १२, १३, १४, १७, १९ चे पाने, जमलं तर सहाकोनी गोट्या (सॉकेट) घ्या, कारण या गाड्यांचे नटबोल्ट मऊ असतात आणि बारा कोनी गोटीने त्यांची डोकी लगेच गोल होतात. प्लग पाना, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पातळ पट्ट्या), साधा मल्टिमीटर, सुती चिंध्या, डिझेल, एक जुना टूथब्रश. गाडी उचलून ठेवायला सागाचा किंवा बाभळीचा ओंडका, विटांवर ठेवू नका, वीट अचानक फुटते. आणि एक हवेचा गेज जो कमी प्रेशर दाखवतो, तो कशाला ते टायरच्या जागी सांगतो.

काम करायच्या आधी चाबी काढून खिशात. टेबलवर नाही, खिशात. घरात पोरं असतात.

पहिलं काम: ब्रेक

बहुतेक गाड्यांना पुढे केबलचे ड्रम ब्रेक आणि मागे एक्सलवर एकच डिस्क असते. पुढचे ब्रेक सायकलसारखेच ॲडजस्ट होतात. गाडीचं तोंड ओंडक्यावर ठेवा, चाक हाताने फिरवा, ॲडजस्टर नट आवळत जा, चाक घासायला लागलं की अर्धा आटा मागे. लिव्हरच्या टोकाला साधारण एक ते दीड सेंटिमीटर ढिलाई राहिली पाहिजे. दोन्ही बाजूचं चाक सारखंच पकडलं पाहिजे, नाहीतर ब्रेक मारल्यावर हँडल एकीकडे ओढतं आणि लहान हाताला ते सांभाळत नाही.

मागच्या डिस्कचं मी जरा जास्त सांगणार आहे, कारण आमच्या गाडीत गोची तिथेच होती. पॅड काढून पाहिले तर जाड होते, जवळपास नवे. डिस्क पण चांगली. फ्लुइड भरलेलं. दोन दिवस समजलं नाही काय झालं, मग पॅडवर बोट फिरवून पाहिलं तर बोट काळं आणि बुळबुळीत. या गाड्यांत चेनचं मोठं स्पॉकेट आणि ब्रेकची डिस्क एकाच एक्सलवर शेजारी शेजारी असतात. आधीच्या माणसाने चेनला भरपूर ऑइल घातलं होतं, चेन फिरली की ते उडून डिस्कवर, डिस्कवरून पॅडमध्ये. ऑइल प्यालेला पॅड घासून, जाळून, धुवून सुधरत नाही, नवा जोड टाकावा लागतो, डिस्क ब्रेक क्लीनरने पुसून घ्यावी लागते. तेव्हापासून चेनला ऑइल देताना मी डिस्कला पन्नी गुंडाळतो.

पॅडचा मसाला दीड-दोन मिलीमीटर राहिला की बदला. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिनांत आपली काळी माती जाऊन बसते, वाळली की सिमेंट, मग एकच पॅड घासतो. पिना काढून पुसा, थोडं ब्रेकचं ग्रीस लावा.

लिव्हर स्पंजसारखी दबत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. दोन माणसं लागतात. एकाने लिव्हर दोन-तीन वेळा दाबून धरून ठेवायची, दुसऱ्याने कॅलिपरची निप्पल पाव आटा उघडायची, फ्लुइड आणि बुडबुडे निघाले की बंद करायची, बंद झाल्यावरच पहिल्याने लिव्हर सोडायची, बुडबुडे संपेपर्यंत हेच, आणि मधामधात फ्लुइडची वरची डबी भरत राहायची नाहीतर परत हवा घुसते. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच टाका, सीलबंद बाटलीतलं. अर्धी उरलेली वर्षभराची बाटली वापरू नका, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. तिथे इंजिन ऑइल टाकलेली गाडी पण मी पाहिली आहे, सगळे रबर फुगून गेले होते.

ॲक्सिलेटर, किल स्विच, हँडल

अंगठ्याने दाबायचा ॲक्सिलेटर दाबून सोडा, टक् आवाज करून मागे आला पाहिजे. हळूहळू येत असेल किंवा मधात अडकत असेल तर त्या दिवशी गाडी कोणालाच द्यायची नाही. ॲक्सिलेटरच्या डबीचे दोन स्क्रू खोलून आतली धूळ ब्रशने काढा, केबल आउटरमधून काढून पहा, एक जरी तार तुटून बाहेर आली असेल तर केबल बदला. नंतर इंजिन चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. वळवताना रेस वाढली तर केबल ताणली जाते आहे, तिचा रस्ता बदला.

त्याच डबीवर एक छोटा स्क्रू आणि लॉकनट असतो, तो स्पीड लिमिटर. आत फिरवला की अंगठा पूर्ण दाबताच येत नाही. नवशिक्या पोरासाठी तो बराच आत ठेवा. आमच्या पोरीला मी पहिले सहा महिने माणसाने पळून गाठावी इतकीच गाडी मोकळी दिली होती, ती रुसली, पण ब्रेकचा हात आपोआप बसल्यावरच मग आटा-आटा बाहेर काढला.

किल स्विच म्हणजे इंजिन लगेच बंद करायचं बटण, त्याची दोरी दर वेळी तपासायची, दर वेळी म्हणजे रोज. इंजिन चालू करा, दोरी ओढा, त्याच क्षणी बंद पडलं पाहिजे. नाही पडलं तर वायरिंग पाहिल्याशिवाय गाडी हलवायची नाही. दोरी पोराच्या मनगटाला किंवा बेल्टला अडकवायची, हँडलला गुंडाळून ठेवायची नाही.

हँडलसाठी गाडीचं तोंड उचला. चाक डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवा, खटखट आली तर टाय रॉडच्या (हँडलपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) टोकाचे बॉल जॉइंट गेले. वर-खाली धरून हलवा, खटखट आली तर बेअरिंग किंवा बुश. नटांतल्या कॉटर पिना (नट सुटू नये म्हणून आरपार घातलेल्या दुमडत्या पिना) मोजा, एक जरी नसेल तर नवी टाका, बाइंडिंग तार नको, आपल्याकडे सगळीकडे बाइंडिंग तार लावायची सवय आहे पण ती हँडलच्या नटाला चालत नाही. पुढची चाकं समोरून मागच्यापेक्षा किंचित आत वळलेली असावीत, दोन टायरांच्या मधल्या रेषांमधलं अंतर पुढून आणि मागून टेपने मोजा, पुढचं ५ ते १० मिलीमीटर कमी असेल तर चांगलं.

मागचा एक्सल पण असाच हलवून पहा. चाकाच्या मधला मोठा नट ढिला राहिला तर हबचे दाते खाऊन टाकतो आणि मग हब आणि एक्सल दोन्ही बदलावे लागतात.

टायर

हे मला आमच्या पोरीच्या हनुवटीवरच्या तीन टाक्यांनी शिकवलं. पंक्चर काढायला चाक दुकानात नेलं, त्याने सवयीने बाइकसारखी हवा भरली, पंचवीसच्या वर. मी पण पाहिलं नाही. टायर दगडासारखा कडक, संध्याकाळी पोरगी धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) उतरली आणि गाडी चेंडूसारखी उसळली, हँडल सरळ तोंडावर.

या फुगीर टायरांना हवा फार कमी लागते, बहुतेकांना ३ ते ५ पीएसआयच्या आसपास, आकडा टायरच्या बाजूवर किंवा मडगार्डच्या स्टिकरवर लिहिलेला असतो, तोच खरा. सस्पेन्शनचं अर्धं काम टायरच करतो म्हणून. दुकानातला गेज एवढं कमी दाखवतच नाही, त्यासाठी वेगळा कमी प्रेशरचा गेज लागतो, आणि भरायला सायकलचा हातपंप सगळ्यात चांगला. डाव्या-उजव्या चाकात सारखीच हवा पाहिजे. सकाळी थंड टायरवर मोजा, मे महिन्यात दुपारी मोजलं तर जास्तच दाखवणार.

आपल्याकडे पंक्चरला तोटा नाही. बाभळीचा काटा, बोरीचा काटा, आणि सगळ्यात वाईट तुरीची नाहीतर पऱ्हाटीची धसकटं, तिरपी कापलेली, सुरीसारखी. पीक निघाल्यावर त्या वावरात गाडी घालूच नका, रोटाव्हेटर फिरल्यावर न्या. टायर ट्यूबलेस असतो, मधल्या भागातला काटा ट्यूबलेसच्या बत्तीने बुजतो, बाजूची भिंत फाटली तर टायर बदला.

आता इंजिन: एअर फिल्टर आणि ऑइल

विदर्भात इंजिन मारते ती धूळ. सोयाबीन निघायच्या दिवसांत थ्रेशरजवळून दोन चकरा मारा आणि एअर फिल्टर खोलून पहा, कुटाराचा (भुशाचा) थरच्या थर बसलेला असतो. फिल्टर स्पंजचा असेल तर डिझेलमध्ये नाहीतर भांडे घासायच्या साबणाच्या पाण्यात दाबून दाबून धुवा, पिळू नका, पिळला की फाटतो. पेट्रोलमध्ये धुऊ नका. सावलीत पूर्ण वाळवा, मग त्यावर थोडं फिल्टर ऑइल नाहीतर स्वच्छ इंजिन ऑइल टाकून सगळीकडे पसरेल असं दाबा आणि जास्तीचं दाबून काढून टाका. कोरडा स्पंज बारीक धूळ अडवत नाही, ही गोष्ट बरेच जण सोडून देतात. धुळीच्या दिवसांत मी चार-पाच तास गाडी चालली की धुतो. फिल्टर फाटका आहे म्हणून काढून टाकून चालवणं म्हणजे सिलिंडरमध्ये वाळू टाकणं.

ऑइल ८०० ते ९०० मिली बसतं. बाइकचंच घ्या, डब्यावर जासो एमए (ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं, १०डब्ल्यू-४० किंवा आपल्या उन्हाळ्यात २०डब्ल्यू-४० पण चालतं. कारचं टाकू नका, या इंजिनात क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, कारच्या बऱ्याच ऑइलने तो घसरतो. इंजिन पाच मिनिटं गरम करा, बंद करा, खालचा नट खोला, ऑइल ताटलीत पडू द्या. त्यात चमकणारे बारीक कण थोडे असतीलच, पण तुकडे दिसले तर मिस्त्रीला दाखवा. जाळी असेल तर काढून डिझेलने धुवा. नट परत लावताना वायसर विसरू नका आणि जोर लावू नका, इंजिनची बॉडी ॲल्युमिनियमची, आटे गेले की मोठं काम. ऑइल पाहताना गाडी सपाट जागी, बहुतेक अशा इंजिनांत ऑइल मोजायची पट्टी आटे न आवळता नुसती टेकवून पाहायची असते. नव्या गाडीचं पहिलं ऑइल ५ ते १० तासांतच बदला, मग दर २० ते २५ तासांनी. काढलेलं ऑइल धुऱ्यावर किंवा विहिरीजवळ ओतू नका, डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या.

तास कसे मोजायचे? मीटर नसतो. आमच्या घरी कॅलेंडरवर पोरगीच लिहिते, त्या दिवशी किती मिनिटं चालवली ते. मोजून ठेवायचं काम तिचं, पाना माझा.

टॅपेटचा गॅप (वाल्व आणि त्याला दाबणाऱ्या स्क्रूमधली फट) वर्षातून एकदा पाहायचा. या इंजिनांत बऱ्याचदा ०.०५ मिमी, इंजिन पूर्ण थंड असताना. जमत नसेल तर स्प्लेंडरच्या मिस्त्रीकडून करून घ्या, त्याच्यासाठी दहा मिनिटांचं काम आहे.

चेन

चेनच्या मधात बोटाने वर-खाली करा, दीड ते अडीच सेंटिमीटर खेळ पाहिजे. फार घट्ट असली की बेअरिंग खाते, ढिली असली की उतरून इंजिनच्या कव्हरवर आदळते. डिझेलच्या ब्रशने घासा, कोरडी करा, ९० नंबरचं गिअर ऑइल थेंब थेंब कड्यांवर, दहा मिनिटांनी चिंधीने पुसून टाका. चाक हाताने फिरवायचं, इंजिन बंद. इंजिन चालू ठेवून चिंधी चेनला लावणाऱ्या माणसांची बोटं गेली आहेत.

आणि दुपट्टा. आपल्याकडे उन्हाचं सगळेच तोंडाला दुपट्टा बांधतात, पोरी तर हमखास. या गाडीवर नाही. चेन आणि एक्सल उघडे असतात, लोंबतं टोक एकदा गुंडाळलं की मान ओढली जाते. हेल्मेट, पूर्ण बूट, पूर्ण बाह्यांचं कापड, हातमोजे, एवढंच.

चालू होत नसेल तर

घाईघाईत सगळं खोलू नका, एकेक करून जा.

गाडी न्यूट्रलमध्ये आहे का, ब्रेक लिव्हर दाबलेली आहे का (बऱ्याच गाड्या ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फच घेत नाहीत), किल स्विच चालूवर आहे का, किल स्विचच्या दोरीची टोपी जागेवर आहे का. माझ्याकडे आलेल्या गाड्यांपैकी दोन तर इथेच सुधरल्या.

सेल्फ दाबल्यावर नुसतं टक् टक् होतं? बॅटरी. मल्टिमीटर लावा, भरलेली असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ दाबताना १० च्या बरंच खाली जात असेल तर बॅटरी संपली. इंजिन चालू असताना थोड्या रेसवर १३.५ ते १४.५ दाखवलं पाहिजे, नाही दाखवलं तर नवी बॅटरी टाकून पण महिनाभरात तेच रडगाणं. काहीच आवाज नसेल तर बॅटरीजवळचा फ्यूज पहा आणि टर्मिनल खरवडा.

सेल्फ फिरतो पण इंजिन लागत नाही, तेव्हा प्लग काढा, त्याच्या वायरच्या टोपीत लावून त्याची धातूची बाजू इंजिनला टेकवा आणि सेल्फ मारा. निळी ठिणगी दिसली पाहिजे. जवळपास पेट्रोल सांडलेलं नको आणि हे सावलीत करा, उन्हात ठिणगी दिसतच नाही. गॅप ०.६ ते ०.७ मिमी. प्लगचा रंग विटकरी-तपकिरी असेल तर इंजिन खुश, काजळीने काळा असेल तर फिल्टर चोंदला किंवा चोक अडकला, पांढराफट असेल तर पेट्रोल कमी येतंय किंवा कार्बोरेटरच्या मागच्या रबरातून हवा ओढतंय.

करंट असेल तर राहिलं पेट्रोल. आणि एक फसवा फॉल्ट सांगतो. गाडी चालू होते, दहा मिनिटं छान पळते, मग गप्प, थोड्या वेळाने परत चालू. टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र धुळीने बुजलेलं असतं. झाकण उघडा, सुस्स आवाज आला आणि गाडी लागली तर तेच. छिद्र साफ केलं की झालं.

कार्बोरेटर

उभ्या राहिलेल्या गाडीचं निम्म्याहून जास्त दुखणं इथेच. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं, २० टक्क्यांपर्यंत, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आपल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. दोन-तीन महिने तसंच राहिलं की खालच्या वाटीत पाणी आणि चिकट थर.

पेट्रोलचा कॉक बंद करा. पाण्याच्या बाटलीचं बुड कापून कार्बोरेटरखाली धरा आणि वाटीचा ड्रेन स्क्रू खोला. बाटलीत पहा, पेट्रोलच्या खाली वेगळे गोल थेंब लोळताना दिसले तर ते पाणी. कधी कधी एवढ्यानेच गाडी लागते. नाही लागली तर कार्बोरेटर उतरवा. वाटीचे स्क्रू बरोबर मापाच्या पेचकसाने, नाहीतर डोकं जातं. आत फ्लोट, त्याची पिन, सुई, मधात पितळेचा मेन जेट आणि बाजूला खोल छिद्रात बारीक पायलट जेट. जेट काढून सूर्याकडे धरा आणि आरपार पहा. मेनमधून उजेडाचा स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे, पायलटचा ठिपका सुईच्या टोकाएवढाच असतो, तो नाही दिसला म्हणजे गाडी चोकवरच चालणार आणि चोक काढला की बंद पडणार. जेटमध्ये टाचणी किंवा लोखंडी तार घालू नका, पितळ मऊ असतं, छिद्र मोठं झालं की कायमचं बिघडलं. विजेच्या वायरमधली तांब्याची एकच बारीक तार घ्या, ती घाला, वरून कार्बोरेटर क्लीनर मारा, डोळ्याला चष्मा लावून. बाहेरचा हवेचा स्क्रू खोलायच्या आधी हळूच पूर्ण आत फिरवून किती आटे लागले ते लिहून ठेवा, लिहिलं नसेल तर बसवताना हळूच टेकेपर्यंत आत आणि मग दीड आटा बाहेर, तिथून सेटिंग सुरू करा. वाटीचं रबर पेट्रोलने फुगून खाचेत बसत नसेल तर ओढाताण करू नका, रात्रभर उघडं ठेवा, सकाळी आकसून बरोबर बसतं.

चिखल आणि धुणं

काळी माती ओली असताना गाडी वावरात न्यायचीच नाही, दहा फुटांत चाक आणि मडगार्ड एक होतात आणि क्लच जळतो. तरी चिखल लागलाच तर तुराटीने खरवडून काढा, मग साध्या नळीने धुवा. वॉशिंग सेंटरचं प्रेशर बेअरिंग, कार्बोरेटर आणि सीटखालच्या वायरिंगवर मारू नका. कपाशीच्या हंगामात सिलिंडर थंड करणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यांमध्ये कापूस आणि पाला अडकतो तो काढा, ४५ डिग्रीच्या उन्हात त्या पट्ट्यांवरच इंजिनचा जीव असतो, आणि नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) तशीही गाडी सकाळी नऊच्या आत नाहीतर सूर्य मावळायच्या आधीच्या तासाभरातच. अंधार पडायला लागला की बंद, रोही (नीलगाय) आणि डुकरासाठी लावलेली झटका मशीनची तार आणि कठडा नसलेली विहीर दोन्ही तेव्हा दिसत नाहीत. धुतल्यावर ब्रेक हलका दाबून थोडं चालवा म्हणजे कोरडे होतात, मग चेनला ऑइल.

पावसाळ्यात उभी ठेवताना

आमची गाडी मृगात उभी राहते ती तान्ह्या पोळ्याच्या मागेपुढेच निघते. ठेवायच्या दिवशी कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो, राहिलेलं वाटीतून काढतो. टाकीतलं पेट्रोल काढून बाइकमध्ये टाकतो. ऑइल ठेवायच्या आधीच बदलतो, कारण जुन्या ऑइलमधली घाण तीन महिने बेअरिंगवर बसून राहते. बॅटरी काढून घरात, महिन्यातून एकदा चार्ज, छोट्या चार्जरने, ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या मोठ्या चार्जरने नाही. चारही चाकं जमिनीवरून उचलून ओंडक्यावर. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी, आणि त्या चिंधीला लाल फडकं बांधून ठेवा म्हणजे चालू करताना दिसेल. कोठ्यात (गोठ्यात) उंदीर असतातच, कुटाराजवळ ठेवली तर वायरिंग कुरतडून टाकतात, म्हणून कुटारापासून दूर आणि निघायच्या दिवशी सीट काढून वायरी आधी पहा.

मग ताजं पेट्रोल, लाल फडकं काढलं का ते पहा, हवा मोजा, ब्रेक, ॲक्सिलेटर, दोरी, आणि मगच सेल्फ. पोरगी तोपर्यंत हेल्मेट घालून कॅलेंडरवर तारीख टाकून उभी असते.